तलावातले विष माशापर्यंत कोण पोहोचवते?

एखाद्या तलावाच्या पाण्याच्या तपासणी अहवालात पाऱ्यासमोर 'आढळला नाही' असे लिहिलेले असावे आणि त्याच तलावातल्या मोठ्या मरळ माशाच्या मांसात पारा सापडावा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. प्रयोगशाळेची चूक झालेली नसते आणि मासाही बाहेरून विष खाऊन आलेला नसतो. पाण्यातले प्रमाण उपकरणाच्या मोजणीच्या मर्यादेखाली असते, इतकेच. तेवढेसे प्रमाण माशाच्या अंगात हजारो, कधी लाखो पटींनी साठायचे तर मध्ये एक अन्नसाखळी लागते आणि त्या साखळीच्या सुरुवातीच्या टप्प्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणारे काही कवचधारी प्राणी असतात. ज्या बडोद्यात सूरसागर तलाव भर वस्तीत आहे, आजवा तलावाचे पाणी नळाला येते आणि विश्वामित्री नदीत मगरी राहतात, त्या शहरातल्या माणसांना या प्राण्यांची ओळख असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

कोळंबी आणि खेकडा हे आपल्या परिचयाचे कवचधारी. त्यांच्याच गणगोतातले, पण अर्ध्या ते तीन मिलिमीटरांचे प्राणी गोड्या पाण्यात अमाप संख्येने असतात. त्यांत दोन मोठे गट महत्त्वाचे. पहिला गट पाणपिसवांचा, म्हणजे डाफ्निया, मोइना, सेरिओडाफ्निया, डायफॅनोसोमा यांचा. दुसरा कोपेपॉड गट, ज्यात सायक्लॉप्स आणि डायप्टोमस येतात. तलावातले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरले, तर झटके देत वरखाली होणारे जे पांढुरके ठिपके दिसतात ते बहुधा हेच. शास्त्रीय मराठीत यांना प्राणीप्लवक म्हणतात. मत्स्यशेती करणाऱ्यांना त्यांची किंमत नेमकी ठाऊक असते. मत्स्यजिरे सोडण्यापूर्वी ते तळ्यात शेणखत टाकून प्लवक वाढवतात, मग सुमारे पन्नास लिटर पाणी बारीक जाळीच्या पिशवीतून गाळून तळाशी किती मिलिलिटर प्लवक जमले ते पाहतात आणि एक-दोन मिलिलिटर जमले तरच तळे तयार झाले असे मानतात. रोहू, कटला, मृगळ या सगळ्यांची पिल्ले सुरुवातीला याच अन्नावर जगतात.

यांतल्या सायक्लॉप्सशी गुजरातेतल्या आणि महाराष्ट्रातल्या जुन्या पिढ्यांचा संबंध फार वाईट रीतीने आला आहे. नारू या रोगाच्या कृमीची पिल्ले सायक्लॉप्सच्या पोटात वाढत. वावेचे किंवा पायविहिरीचे पाणी न गाळता प्यायलेल्या माणसाच्या पोटात सायक्लॉप्स मरे, कृमी मात्र जगे आणि सुमारे वर्षभराने पायातून हातभर लांब बाहेर येई. रोगी तोच पाय घेऊन पुन्हा वावेत उतरला की कृमी नवी पिल्ले पाण्यात सोडी. भारतातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये नोंदवला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. त्या लढ्यातले सर्वांत प्रभावी हत्यार साधे होते: पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घेणे. सायक्लॉप्स फडक्यावर अडकतो, रोग तिथेच थांबतो.

नारूची आठवण इथे काढण्याचे कारण असे की, तलावातल्या रासायनिक विषाच्या बाबतीत वाहक तेच, पण वाट निराळी आहे. नारू पिण्याच्या पाण्यातून येत असे, म्हणून तो गाळणीने अडला. पारा, डीडीटी हे कीटकनाशक किंवा पीसीबी ही जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या तेलातली रसायने यांचा मोठा वाटा माणसापर्यंत पाण्यातून येतच नाही, तो माशातून येतो. माशापर्यंतच्या प्रवासात फडके लावण्याजोगी जागाच नसते. म्हणूनच केवळ पाणी तपासून तलाव सुरक्षित ठरवण्याची आपली सवय अपुरी आहे.

आता हे प्राणी खातात कसे ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. डाफ्नियाचे शरीर दोन पारदर्शक शिंपल्यांसारख्या कवचात असते आणि त्या कवचाच्या आत बारीक केसांनी भरलेले पाय सतत हलत असतात. त्या हालचालीने पाणी आत ओढले जाते, केसांच्या जाळीतून गाळले जाते आणि अडकलेले कण एका खोबणीतून तोंडाकडे सरकतात. साधारण एक मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काही दशक मायक्रॉनपर्यंतचे जे काही येईल ते तो घेतो, मग ते हिरवे शेवाळ असो, जिवाणू असोत, मातीचा कण असो की प्लॅस्टिकचा. निवड करण्याची त्याची क्षमता फार थोडी. कोपेपॉड मात्र चोखंदळ असतो: तो कणाकडे वळतो, तोंडाजवळच्या उपांगांनी तो पकडतो आणि नको असेल तर सोडून देतो. ज्या तलावात पाणपिसवांची दाटी होते, तिथे ते सगळे मिळून तलावाचे सबंध पाणी एका दिवसात गाळून काढू शकतात. समशीतोष्ण प्रदेशातल्या तलावांत वसंत ऋतूच्या अखेरीस पाणी अचानक नितळ होते, ते याच गाळणीमुळे.

इतके पाणी इतक्या छोट्या शरीरातून फिरत असेल, तर त्या पाण्यात विरघळलेल्या रसायनांचे काय होते? डीडीटी, पीसीबी अशा रसायनांना पाणी आवडत नाही आणि चरबी आवडते. फ्रीजमध्ये उघडे ठेवलेले लोणी जसे शेजारच्या कांद्याचा वास धरते आणि शेजारचे पाणी तितका धरत नाही, तसेच हे आहे. प्लवकांच्या शरीरात चरबी भरपूर असते. सूक्ष्मदर्शकाखाली कोपेपॉडच्या अंगात तेलाचे नारिंगी थेंब स्वच्छ दिसतात. शिवाय शरीर जितके लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, त्यामुळे पाण्यातले रसायन या प्राण्यांच्या अंगात फार लवकर, बऱ्याचदा काही तासांत किंवा दिवसांत, समतोलाला पोहोचते. अशा रसायनांच्या बाबतीत शेवाळ आणि प्राणीप्लवक या दोघांच्याही अंगातला साठा मुख्यतः पाण्यातूनच ओढलेला असतो. मोठ्या माशाचे तसे नाही. त्याच्या बाबतीत अन्न हाच मुख्य मार्ग ठरतो. म्हणून पाण्यात विखुरलेले विष गोळा करून खाण्याजोग्या घासात बांधण्याचे काम प्रत्यक्षात या लहान जिवांच्या पातळीवर होते.

या पहिल्या उडीची कल्पना येण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकचे उदाहरण आजही सर्वांत बोलके आहे. त्या तलावाकाठी चिलटांसारख्या एका कीटकाचे थवे फार होत. तो चावत नसे, पण पर्यटकांना त्याचा उपद्रव होई. त्याच्या अळ्या मारण्यासाठी १९४९, १९५४ आणि १९५७ असे तीन वेळा डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी हे रसायन पाण्यात मिसळण्यात आले. प्रमाण अत्यंत विरळ ठेवले होते: पहिल्या वेळी पाण्याच्या सात कोटी भागांत एक भाग, नंतरच्या दोन्ही वेळी पाच कोटी भागांत एक, म्हणजे दर दशलक्ष भागांत ०.०२ भाग. १९५४ च्या फवारणीनंतरच्या हिवाळ्यात तलावावरचे ग्रीब पक्षी मोठ्या संख्येने मेलेले सापडले. तपासणीत प्लवकांमध्ये दर दशलक्ष भागांत सुमारे ५ भाग डीडीडी निघाले आणि ग्रीबांच्या चरबीत १६०० भाग. फवारणीपूर्वी तिथे सुमारे हजार जोड्या घरटी करीत असत. त्या दशकाच्या अखेरीस वीण जवळजवळ थांबली होती.

हे आकडे पुन्हा एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ०.०२ पासून ५ पर्यंतची वाढ अडीचशे पट आहे आणि ती पाण्यापासून प्लवकांपर्यंतच्या एकाच टप्प्यात झाली. त्यापुढे लहान मासा, मोठा मासा आणि पक्षी असे अनेक टप्पे मिळून ५ चे १६०० झाले, म्हणजे सुमारे सव्वातीनशे पट, आणि तेही पक्ष्याची फक्त चरबी मोजून. लोकांचे लक्ष स्वाभाविकपणे मेलेल्या पक्ष्याकडे जाते. माझ्या मते ते आधी त्या पहिल्या अडीचशे पटींकडे जायला हवे.

पुढच्या टप्प्यांवर विष का वाढत जाते याचे कारण तसे सरळ आहे. प्राणी जे खातो त्याचा बराचसा भाग हालचाल, श्वसन, शरीराची झीज यांसाठी खर्च होतो आणि अंगाला लागते ते फार तर एक दशांश. अन्न खर्च होते, पण न विरघळणारे, न मोडणारे रसायन खर्च होत नाही. ते मागे उरते. त्यात भर अशी की, आतड्यात अन्नातली चरबी शोषली गेली की उरलेल्या लगद्यात ते रसायन अधिक दाट होते आणि त्या दाटपणामुळेच शरीरात ढकलले जाते. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या महासरोवरांत पीसीबीची जी मापे घेतली गेली, त्यांत दर दशलक्ष भागांमध्ये प्राणीप्लवकांत ०.१२३, ते खाणाऱ्या स्मेल्ट या लहान माशात १.०४, स्मेल्ट खाणाऱ्या ट्राउट माशात ४.८३ आणि मासे खाणाऱ्या हेरिंग कुरव पक्ष्याच्या अंड्यांत १२४ भाग आढळले. भारतात २०१६ च्या आदेशाने पीसीबीचे उत्पादन आणि आयात बंद झाली, पण तलावाच्या गाळात गेलेले पीसीबी आदेशाने नाहीसे होत नाही.

पाऱ्याची गोष्ट याहून वेगळी आणि माझ्या दृष्टीने अधिक विलक्षण आहे. तलावात पारा येतो तो कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुरातून, फुटलेल्या ट्यूबलाइटांतून, जुन्या थर्मामीटरांतून आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातून. तामिळनाडूतल्या कोडाइकनाल इथला थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाल्यानंतरही तिथल्या तलावाच्या गाळात आणि माशांत पारा सापडला. हा आलेला पारा बहुतांशी असेंद्रिय, म्हणजे कार्बनशी न जोडलेल्या रूपात असतो आणि त्या रूपात तो अन्नसाखळीत फारसा चढत नाही. पण तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू नसतो, तिथे सल्फेटवर जगणारे काही जिवाणू त्याचे मिथाइलपाऱ्यात, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या अधिक घातक रूपात, रूपांतर करतात. सांडपाण्याने भरलेल्या आणि उन्हाळ्यात तापलेल्या उथळ तलावाचा तळ म्हणजे या जिवाणूंना हवे तसे ठिकाण.

रॉबर्ट मेसन, जॉन राइनफेल्डर आणि फ्रांस्वा मोरेल या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये एका प्रयोगातून दाखवून दिले की, या दोन रूपांतला फरक नेमका कोपेपॉडच्या आतड्यात ठरतो. त्यांनी डायटम नावाच्या एकपेशीय शेवाळाला दोन्ही रूपांतला पारा दिला. असेंद्रिय पारा पेशीच्या भिंतीला आणि पडद्यांना चिकटून राहिला, मिथाइलपारा पेशीच्या आतल्या द्रवात गेला. मग ते शेवाळ समुद्री कोपेपॉडना खाऊ घातले. कोपेपॉड पेशीचा आतला द्रव पचवतो आणि भिंती, पडदे विष्ठेवाटे टाकून देतो. त्यामुळे मिथाइलपारा असेंद्रिय पाऱ्याच्या सुमारे चौपट प्रमाणात त्याच्या अंगात शिरला. असेंद्रिय पारा विष्ठेच्या गोळ्यांबरोबर पुन्हा तळाला गेला. म्हणजे दोन मिलिमीटरांचा हा प्राणी पाऱ्याचे दोन प्रकार वेगळे करतो आणि नेमका घातक प्रकार वरच्या साखळीकडे पाठवतो. मिथाइलपारा चरबीत नव्हे, तर स्नायूंच्या प्रथिनांत बसतो. म्हणून माशाची चरबी काढून टाकल्याने डीडीटी किंवा पीसीबी कमी होते, पारा कमी होत नाही, आणि शिजवण्यानेही तो जात नाही.

आपल्या ताटापर्यंतची वाट समजण्यासाठी बाजारातले मासे डोळ्यांसमोर आणावेत. कटला पृष्ठभागाजवळ चरतो आणि त्याच्या आहाराचा मोठा भाग प्राणीप्लवकांचा असतो, म्हणून त्याच्यासाठी साखळी आखूड आहे: शेवाळ, पाणपिसू, कटला. रोहू मुख्यतः वनस्पतिजन्य अन्न खातो आणि मृगळ तळाचा कुजका गाळ चाळतो. मरळ मात्र शिकारी आहे. ती लहान मासे खाते, ते मासे प्लवक खाऊन वाढलेले असतात, त्यामुळे तिच्यापर्यंत एक पायरी जास्त पडते. एकाच दूषित तलावातून काढलेल्या एकाच वजनाच्या कटल्यात आणि मरळीत मिथाइलपारा मरळीतच अधिक असण्याची शक्यता फार मोठी. तसेच एकाच जातीत मोठा, वयस्क मासा लहानापेक्षा अधिक साठा बाळगतो. गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांनी संशयास्पद पाण्यातले मोठे शिकारी मासे टाळावेत असा सल्ला जगभर दिला जातो, त्यामागचे कारण हेच. वाढत्या मेंदूवर मिथाइलपाऱ्याचा परिणाम सर्वांत वाईट होतो.

साखळीत एक पायरी वाढली तर किती फरक पडतो, हे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या तलावांत फार स्पष्टपणे दिसून आले. तिथल्या काही तलावांत मायसिस नावाचा एक-दोन सेंटिमीटरांचा, कोळंबीसारखा कवचधारी आहे, काहींत नाही. जोसेफ रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले की, ज्या तलावांत मायसिस आणि ती खाणारे लहान मासे आहेत तिथल्या ट्राउटमध्ये पीसीबी लक्षणीयरीत्या जास्त असते, जरी या दूरदूरच्या तलावांना प्रदूषण सारखेच, म्हणजे हवेतूनच, मिळत असले तरी. मायसिस स्वतः प्राणीप्लवक खाते आणि मग माशांचे भक्ष्य होते, म्हणजे ती मधली एक पायरी होऊन बसते.

मायसिसची आणखी एक सवय इथे महत्त्वाची आहे. दिवसा ती तळाजवळ, गाळाला लागून असते आणि रात्री वर येऊन खाते. बऱ्याच प्राणीप्लवकांचीही अशीच रोजची ये-जा असते: दिवसा उजेडात मासे पाहतात म्हणून खाली, रात्री शेवाळ खाण्यासाठी वर. गाळात पुरले गेले म्हणून विसरले गेलेले विष या ये-जेमुळे पुन्हा वरच्या पाण्यातल्या माशांच्या तोंडी लागते. उलट दिशेची वाहतूकही चालू असते, कारण विष्ठेच्या जड गोळ्या आणि टाकलेली कात खाली जाऊन बसते. कवचधारी प्राण्याला वाढण्यासाठी वारंवार कात टाकावी लागते आणि कॅडमियमसारखे काही धातू कवचावर बऱ्यापैकी चिकटलेले असल्यामुळे कातेबरोबर त्यांचा काही भाग अंगावेगळा होतो.

सगळेच धातू साखळीत वर चढताना वाढत जातात, या गैरसमजाबद्दल इथे थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण बडोद्यात गणेशविसर्जनानंतर दरवर्षी तो ऐकू येतो. मूर्तींच्या रंगांतले शिसे आणि क्रोमियम तलावात जाते, पाणपिसवांच्या अंगात साठते आणि त्यांना मारते किंवा त्यांची प्रजननक्षमता कमी करते, हे सगळे खरे आहे आणि विसर्जन कृत्रिम कुंडांत करण्याचा निर्णय म्हणूनच योग्य आहे. परंतु शिसे साखळीत वर चढताना सहसा वाढत नाही. ते प्रत्येक पायरीवर कमी होत जाते, कारण प्राण्याचे शरीर ते बऱ्याच अंशी हाडांत, कवचांत बाजूला ठेवते किंवा बाहेर टाकते. सगळ्या धातूंना एकाच माळेत ओवले तर चुकीच्या गोष्टींची भीती वाटते आणि खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होते. वाढत जाणाऱ्यांमध्ये मिथाइलपारा पहिला. पीसीबी, डीडीटी आणि त्यांच्यासारखी चिवट रसायने त्याच्या सोबतीला. न चिकटणाऱ्या तव्यांच्या निर्मितीतली फ्लोरिनयुक्त रसायनेही काही प्रमाणात वाढतात, पण ती चरबीपेक्षा प्रथिनांना धरतात.

शेवाळाची दाटी आणि विष यांचे नाते मात्र अपेक्षेच्या उलट आहे. पॉल पिकहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मोठ्या टाक्यांत केलेल्या प्रयोगात, पोषक द्रव्ये घालून शेवाळ वाढवलेल्या टाक्यांतल्या डाफ्नियात मिथाइलपारा दोन ते तीन पट कमी आढळला. पारा तेवढाच, पण तो कितीतरी जास्त शेवाळी पेशींत वाटला गेला, म्हणून प्रत्येक घासात कमी आला. शिवाय भरपूर खाऊन वेगाने वाढलेल्या शरीरात तो आणखी पातळ झाला. यावरून हिरवागार, घाण तलाव चांगला असे कोणी समजू नये, कारण तेच शेवाळ मरून तळाला कुजते, प्राणवायू संपवते आणि पाऱ्याचे रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना वाव देते. यातून निघणारा व्यावहारिक अर्थ वेगळा आहे: सांडपाणी बंद करून तलाव नितळ केल्यावर काही काळ माशातला पारा वाढू शकतो, आणि सुशोभीकरण पूर्ण झाल्याची पाटी लागली म्हणून तपासणी थांबवणे घातक ठरू शकते.

हे बहुतेक प्रयोग थंड प्रदेशातले आहेत, हेही लक्षात ठेवायला हवे. आपल्या उबदार, उथळ तलावांत मासे प्लवक मोठ्या प्रमाणावर खात असल्यामुळे मोठ्या डाफ्नियापेक्षा मोइना, डायफॅनोसोमा, मेसोसायक्लॉप्स असे लहान आणि भराभर पिढ्या करणारे प्राणी अधिक असतात. जगभरच्या तलावांची तुलना केली असता उष्ण कटिबंधात पाऱ्याची पायरीगणिक होणारी वाढ थंड प्रदेशापेक्षा कमी आढळते. वेगवान वाढ आणि माशांचा मिश्र आहार ही त्याची संभाव्य कारणे आहेत. पण त्याच वेळी गरम गाळातली जिवाणूंची क्रिया जलद असते, म्हणून 'आपल्याकडे हा प्रश्न नाही' असे म्हणण्याला आधार नाही. पाणपिसवांची चिकाटीही मोठी: मे महिन्यात तळे आटले तरी त्यांची जाड कवचाची सुप्त अंडी गाळात तग धरतात, कधी कधी दशकानुदशके, आणि पहिल्या पावसाच्या पाण्यात पुन्हा फुटतात. तळे भरले की वाहतूक पुन्हा सुरू.

गेल्या काही वर्षांत या वाहकांच्या पाठीवर एक नवा माल चढला आहे. डाफ्निया प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी शेवाळ समजून गिळतो, हे प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. आयर्लंडमधल्या कॉर्क येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की, गॅमारस हा गोड्या पाण्यातला कवचधारी सूक्ष्म प्लॅस्टिकचे चार दिवसांच्या आत आणखी बारीक तुकडे करतो. म्हणजे तो प्लॅस्टिक पुढे नेतो इतकेच नाही, तर ते अधिक लहान प्राण्यांच्या तोंडात मावेल असेही करतो.

बडोद्याच्या परिसरात या साखळीची वरची टोके नजरेसमोर आहेत. डभोईजवळचा वढवाणा तलाव, जो बडोदे संस्थानच्या काळात बांधला गेला आणि २०२१ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला, तिथे हिवाळ्यात दूरदेशीची बदके उतरतात. त्यांपैकी थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी रुंद असते आणि तिच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी चोचीत घेऊन त्यातून तो प्राणीप्लवक गाळतो, म्हणजे इतर पाणपक्ष्यांना माशातून मिळणारा साठा तो थेट पहिल्या टप्प्यावरूनच उचलतो. विश्वामित्रीतली मगर दुसऱ्या टोकाला आहे. ती अनेक दशके जगते आणि मासे खाते, त्यामुळे पाण्याच्या एका नमुन्यात जे दिसत नाही त्याची दीर्घ नोंद तिच्या शरीरात साठू शकते. इतर देशांत मगरींच्या शेपटीच्या खवल्यांचा छोटा तुकडा घेऊन, प्राण्याला इजा न करता, पाऱ्याची मोजणी केली जाते.

तलावाचा गाळ काढण्याच्या कामांनाही हीच दृष्टी लावली पाहिजे. २०१८ पासून गुजरातेत सुजलाम सुफलाम अभियानाखाली गाळ काढला जातो आणि तो शेतकऱ्यांना दिला जातो. खेड्यातल्या स्वच्छ तळ्याच्या बाबतीत याहून चांगले काम नाही. पण ज्या शहरी तलावात वर्षानुवर्षे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी गेले, तिथे ढवळलेला गाळ पुरलेले विष पुन्हा पाण्यात आणतो आणि पाणपिसवा ते काही दिवसांत माशांकडे नेतात. म्हणून असे काम पाणी शक्य तितके उतरवून करावे, गाळाची पारा आणि चिवट कीटकनाशकांसाठी आधी तपासणी करावी आणि तो शेतात टाकायचा की नाही ते त्यानंतर ठरवावे.

पाण्याच्या नमुन्यांबरोबर तीन गोष्टी तपासल्या तर तलावाचे खरे चित्र मिळते. पहिली, तळाचा गाळ. दुसरी, प्राणीप्लवक: बारीक जाळीच्या पिशवीतून पाणी गाळून जमलेले प्राणी निरनिराळ्या मापांच्या जाळ्यांनी शेवाळापासून वेगळे करायचे आणि मिथाइलपारा व एकूण पारा स्वतंत्र मोजायचा, कारण या दोहोंच्या गुणोत्तरावरून गाळातले रूपांतर किती चालू आहे ते कळते. तिसरी, एकाच जातीचे शिकारी मासे, त्यांची लांबी आणि वजन नोंदवून, कारण लांबीचा हिशेब न ठेवता दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले तर वाढ पाऱ्याची आहे की केवळ माशाच्या वयाची, हे सांगता येत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना यातले पहिले दोन भाग साध्या साधनांनी गोळा करता येतील. नमुने मात्र वर्षातून किमान दोनदा घ्यावे लागतील, एकदा पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असताना आणि एकदा मे महिन्यात पाणी उतरलेले, तळ तापलेला असताना.